व्यवसायासाठी इंग्रजी: चार रविवारांचा वर्ग, त्यातला तिसरा सोन्यासारखा

सांगलीत माझा हळद-मसाल्याचा छोटा उद्योग आहे. माल, हिशोब सगळं जमतं, घोडं अडतं ते इंग्रजी कागदापाशी. गेल्या पावसाळ्यात कर्जाच्या अर्जात मी लिहिलं, विक्री 'इन्क्रीज्ड बाय थ्री हंड्रेड पर्सेंट'. विक्री 2 लाखांवरून 6 लाखांवर गेली होती. बँकेतले साहेब म्हणाले, "मग वह्यांत 8 लाख कुठे आहेत?" आकडे खरे असून खोटेपणाचा संशय आला, फार लागलं मनाला. तिप्पट झालं म्हणजे वाढ 200 टक्क्यांचीच, मूळचे 100 वाढीत धरायचे नसतात. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून विश्रामबागेतल्या या वर्गात नाव घातलं. रविवारी सकाळी दोन तास, फी 1,200 रुपये. पहिले दोन रविवार मायना, ईमेल यांत गेले. बरे होते.

तिसऱ्या रविवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'अवर प्राइस इन्क्रीज्ड थ्री टाइम्स', आणि अर्थ विचारला. आम्ही सगळे एका सुरात, "भाव तिप्पट झाला." बाई म्हणाल्या, "तीनदा वाढला, असाही होतो. दरवेळी दोन रुपयांनी वाढला असेल तरी वाक्य हेच." आपल्याकडे तीनदा वेगळं, तिप्पट वेगळं. इंग्रजीत 'टाइम्स' दोन्हीकडे राबतो, आणि आपण तिथेच फसतो. तिप्पट म्हणायचं तर सरळ 'ट्रिपल्ड' लिहा किंवा 'थ्रीफोल्ड'. त्यातलं 'फोल्ड' म्हणजे आपलं 'पट'च, हे कळल्यावर तो शब्द मला एकदम घरचा वाटला. 'थ्री टाइम्स मोअर' कुणी तिप्पट वाचतो, कुणी चौपट, तेव्हा पैशाच्या कागदात तो नकोच, 'थ्री टाइम्स अ‍ॅज मच' लिहावं. 'थ्री टाइम्स लेस'ऐवजी 'वन थर्ड'. चौपटीचा 'क्वाड्रुपल्ड' तर बाईंनी प्रत्येकाकडून म्हणवून घेतला. आपल्या दीडपट, अडीचपटीला मात्र तिकडे असा सुटसुटीत एकच शब्द नाही, तिथे 'टाइम्स' लागतोच.

तक्रार आहे ती छापील टिपणांबद्दल. त्यांत 'टूफोल्ड' म्हणजे 200 टक्के वाढ असं छापलंय. हवं 100. मी दाखवल्यावर बाईंनी लगेच मान्य केलं, पण सगळ्यांच्या प्रती दुरुस्त झाल्या नाहीत. जे त्या दिवशी आले नव्हते ते चुकीचंच पाठ करतील. नव्या तुकडीआधी हे पान बदलायलाच हवं. चौथा रविवार टक्केवारीचा होता, तोही घाईत उरकला. त्याला आणखी एक दिवस द्यावा, शंभर रुपये जास्त घेतले तरी चालतील.

तरीही माझ्यासारख्या उद्योग करणाऱ्या बायकांनी हा वर्ग जरूर करावा. बाईंचा एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय: पट लिहा, पण शेजारी दोन्ही आकडे द्या. परवा नवा अर्ज दिला, 'सेल्स ट्रिपल्ड, फ्रॉम टू लाख टु सिक्स लाख'. साहेबांनी ओळ वाचली, मान हलवली आणि पान उलटलं.