गिटारवरचा चिकटा काढायला काय वापरावं? लायटरच्या पेट्रोलला पहिली पसंती

स्टिकर निघतो, चिकटा मागे राहतो. दुकानाचं किमतीचं लेबल, नवशिक्यांसाठी फ्रेटबोर्डवर (तारांखालच्या, बोटं दाबायच्या लाकडी पट्टीवर) लावलेल्या सुरांच्या पट्ट्या, पिकअपची (तारांचा आवाज उचलणाऱ्या भागाची) वायर दाबून धरायला मारलेली टेप, नाहीतर पावसाळ्यात कडेने उचकटलेला पिकगार्ड (ओरखडे पडू नयेत म्हणून गिटारवर चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा). कोकणातल्या दमट उकाड्यात हा चिकटा लवकर सुकत नाही, उलट पसरतो आणि त्यावर जांभ्याची बारीक धूळ बसून मळकट थर तयार होतो. रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात या कामासाठी जे जे मिळतं ते सगळं शेजारी शेजारी ठेवलं, तर एकच वस्तू बिनधास्त सुचवता येते: लायटरमध्ये भरायचं पेट्रोल, म्हणजे नॅफ्था. झिप्पो किंवा रॉन्सोनॉल, या दोन ब्रँडपैकी कुठलंही घ्या. गिटारच्या कामापुरता फरक नाही.

खरेदी करताना एक घोळ हमखास होतो. ‘लायटर रिफिल’ मागितलं की बरेच दुकानदार गॅसचा डबा पुढे करतात. तो ब्यूटेन, त्याचा इथे काहीच उपयोग नाही. आपल्याला हवं ते पातळ, पाण्यासारखं, वातीच्या लायटरचं. मोठ्या बाजारातल्या पान-तंबाखूच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. ज्वलनशील माल असल्यामुळे तो विमानाने येत नाही, तेव्हा थोडी वाट पाहावी लागते. एक छोटा डबा गिटारच्या कामाला कितीतरी वर्षं पुरतो, कारण किमतीच्या लेबलाला पाच-सहा थेंब लागतात आणि पिकगार्डच्या अख्ख्या डागाला फार तर दोन चमचे. डब्याची बारीक तोटी हीच त्याची मोठी सोय. थेंब मोजून पडतो. टोपण मात्र घट्ट लावा, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात डबा आपोआप हलका होतो.

नॅफ्था चांगला का, याचं उत्तर गिटारच्या पॉलिशमध्ये आहे. आजच्या बहुतेक कारखानी गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. तो चिवट, सहसा कशाला दाद देत नाही. जुन्या आणि काही महागड्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. हाताने बनवलेल्या क्लासिकल गिटारवर अनेकदा लाखेचं पॉलिश, म्हणजे सावंतवाडीच्या गंजिफांवर चढवतात त्याच जातीची लाख. आणि गावातल्या सुताराकडून पुन्हा पॉलिश करून घेतलेली गिटार असेल, तर तिच्यावर लाख किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर असण्याची शक्यता धरूनच चाला. नॅफ्था रबराच्या जातीचा चिकटा विरघळवतो, पण वाळून पक्क्या झालेल्या या चारही पॉलिशांना धक्का लावत नाही, आणि मिनिटभरात मागे काही न ठेवता उडून जातो. इतर कुठल्याच सहज मिळणाऱ्या वस्तूत हे तिन्ही गुण एकत्र सापडत नाहीत.

तरीही आधी चाचणी घ्याच. पट्टा अडकवायच्या बटणामागे किंवा मानेच्या बुडाशी, जिथे नजर जात नाही तिथे इअरबडने एक थेंब लावा, पाच मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकट लागलं, रंग इअरबडवर आला किंवा चकाकी गेली, तर हात आवरा.

आता कृती. पहिलं काम द्रवाचं नाहीच. चिकट्यात वाळू आणि धूळ अडकलेली असते. त्यावर थेट फडकं घासलं की तीच वाळू पॉलिशवर गोल गोल ओरखडे पाडते. म्हणून रंगकामाच्या मास्किंग टेपचा तुकडा त्या डागावर दाबा आणि झटकन उचला. असं पाच-सात वेळा केलं की धुळीसकट निम्मा चिकटा टेपवर येतो. मग अंगठ्याने एकाच दिशेला रेटत त्याच्या वळ्या करा. नवा चिकटा असेल तर कधीकधी इथेच काम संपतं.

उरलेल्यासाठी जुन्या बनियनचं धुतलेलं फडकं बोटाला गुंडाळा, नॅफ्था फडक्यावर घ्या, गिटारवर ओतू नका. डागावर अर्धा मिनिट नुसतं दाबून धरा. थर फुगून वळायला लागला की कडेकडून मध्याकडे पुसत या. मध्याकडून बाहेर पुसलं तर चिकटा पसरतो. फडक्याची जागा दर वेळी बदला. मळलेल्या जागेनेच पुसत राहिलं की विरघळलेला चिकटा पातळ होऊन सगळीकडे पसरतो, आणि वाळल्यावर दुधी पट्टा दिसतो. असा पट्टा दिसला तर पॉलिश गेलं असं समजून घाबरू नका, नवं फडकं घेऊन पुन्हा पुसा.

पिकगार्डचा डाग वेगळा. तिथे थर जाड असतो आणि अर्धवट सुटलेला पिकगार्ड ओढून काढला तर खालच्या स्प्रूस लाकडाचे तंतू सोबत येऊ शकतात. काही जुन्या गिटारींवर तर पिकगार्ड थेट कोऱ्या लाकडावर चिकटवलेला असतो. म्हणून ओढू नका. कोकणात कुठेही मिळणारी मासेमारीची बारीक तंगूस घ्या, कडेखाली सरकवा आणि करवतीसारखी पुढे-मागे करत गोंदाचा थर कापत जा. फोमच्या दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपलाही हीच युक्ती. हेअर ड्रायर लावायचा असेल तर सगळ्यात कमी गरमीवर, आणि लाकूड हाताला सोसेल इतकंच कोमट होऊ द्या. जास्त उष्णतेने नायट्रो लॅकर मऊ पडतं, गिटारच्या आतल्या आधाराच्या लाकडी पट्ट्यांचा सरससुद्धा सैल होऊ शकतो. राहिलेला जाड थर जुन्या प्लास्टिक कार्डाची कड अगदी आडवी धरून खरवडा. ब्लेड नको, स्टीलचा काथ्या तर नकोच.

नॅफ्था एका ठिकाणी कमी पडतो. चांगल्या विनाइल स्टिकरचा अ‍ॅक्रिलिक गोंद त्याने फुगतो, पण पुरता विरघळत नाही. गिटारवर पॉलियुरेथेन असल्याची खात्री असेल, तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडचं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर जेमतेम ओल येईल इतकं घ्या आणि काही सेकंदांत पुसून टाका. लाखेच्या पॉलिशवर हे चुकूनही नको, लाख अल्कोहोलमध्येच विरघळते. नायट्रोवर पावसाळ्यात तर अजिबात नको: अल्कोहोल उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा लॅकरमध्ये धरला जातो आणि पांढरट धुकं बसतं. सॅनिटायझर हा पर्याय नव्हे, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. मोबाईलच्या काचेचा गोंद काढायचा रिमूव्हर त्याच दुकानात मिळतो, तोही नको. तो फार जहाल असतो.

हार्डवेअरच्या दुकानात ‘हे घ्या, लगेच निघेल’ म्हणून जो थिनर देतात, त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. एनसी थिनरमधलं एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. तो लॅकर पातळ करायलाच बनवलेला आहे, चिकट्याबरोबर पॉलिशही घेऊन जातो. नेलपेंट रिमूव्हरचं तेच. नेलपेंटसुद्धा नायट्रोसेल्युलोजचंच असतं. ‘अ‍ॅसिटोन नाही’ असं लिहिलेल्या बाटलीत बहुधा इथिल अ‍ॅसिटेट असतं, म्हणजे धोका तसाच. प्लास्टिकचं बायंडिंग (गिटारच्या कडेची पट्टी) आणि पिकगार्डही यांनी वितळतात.

खोबरेल तेल घरोघरी आहे आणि रबरी चिकट्यावर सावकाश काम करतं, हे खरं. पण पॉलिशला केसाएवढी चीर असली तरी ते लाकडात मुरून काळा डाग पडतो, वर कालांतराने खवट होतं. सॅटिन, म्हणजे मंद चकाकीच्या, गिटारवर त्याचे डाग उठून दिसतात. निलगिरी तेल जास्त प्रभावी, मेडिकलमध्ये मिळतं, तरी काही प्लास्टिक आणि लॅकर मऊ करतं. फक्त पॉलियुरेथेनवर, आणि नंतर नॅफ्थाने पुसून. रॉकेल आणि डब्ल्यूडी-४० दोन्ही चिकटा काढतात, पण तेलकट थर आणि वास ठेवतात. गाडीचं पेट्रोल नकोच.

सॅटिन पॉलिशवर काहीही वापरा, जोर लावू नका. घासलं की तेवढीच जागा चकाकायला लागते आणि ती पुन्हा मंद होत नाही.

नॅफ्थाची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि ठिणगीने पेटते. तेव्हा काम पडवीत किंवा अंगणात करा. घरात समई, निरांजन, गॅस पेटता असेल तर आधी विझवा. नायट्राइलचे हातमोजे घाला. इलेक्ट्रिक गिटारची केबल काढून ठेवा. वापरलेली फडकी गोळा करून कोंबून ठेवू नका, बाहेर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

सगळा चिकटा गेल्यावरही स्टिकरच्या आकाराचा फिका डाग दिसला, तर घासणं थांबवा. बाकीचं पॉलिश उन्हाने पिवळसर झालेलं असतं, स्टिकरखालचं राहिलेलं असतं. नायट्रोवर विनाइलमधलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) उतरून ठसा पडला असेल तर तो लॅकरचाच बदल आहे, कुठल्याही द्रवाने जाणार नाही.

फ्रेटबोर्ड रोझवूडचा असेल तर तिथे फक्त नॅफ्था, तोही थोडा. अल्कोहोलने रोझवूडचा रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या बायंडिंगवर उतरतो. फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडेला अडकलेला चिकटा दाताच्या काडीने काढा. नॅफ्थाने लाकूड कोरडं दिसायला लागलं, तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन, अख्ख्या फ्रेटबोर्डला चार-पाच थेंब, फडक्याने चोळा आणि दहा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून मगच तारा चढवा.