हॉलमधल्या पीटीसाठी फोमच्या जोडमॅट: घ्यायच्या, पण वजन करून

पुण्यात पेठांमधल्या कितीतरी शाळांना मैदान नाही. वरच्या मजल्यावरचा हॉल, खाली शहाबादी नाहीतर मोझॅइकची फरशी, एवढ्यातच सगळं भागवायचं. पावसाळ्यात तर मैदानवाल्या शाळाही आत येतात आणि पीटीचा तास बघता बघता गणिताला जातो. तो तास वाचवायचा असेल तर कडेच्या खाचाखाचांच्या दात्यांनी एकमेकींत अडकणाऱ्या ईव्हीए (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या) फोमच्या मॅट, 1 बाय 1 मीटर, 20 मिमी जाडीच्या, हा आजघडीला सगळ्यात कामाचा खर्च आहे.

त्यांचं मोठेपण मऊपणात नाही, चौकोनांत आहे. 35 बाय 25 फुटांच्या हॉलमध्ये 9 बाय 6, म्हणजे 54 मॅट बसतात आणि चारही बाजूंना अडीच फुटांच्या आसपास पट्टी उरते. लाल आणि निळ्या मॅट बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटूनपालटून लावा. मुलांचं तोंड रुंदीच्या, म्हणजे 25 फुटी भिंतीकडे, उभं राहायचं ते फक्त लाल चौकोनाच्या मध्यावर. आता प्रत्येकाच्या मागे एक निळा चौकोन मोकळा राहतो, म्हणजे दर मुलाला 1 मीटर रुंद आणि 2 मीटर लांब जागा मिळते. सूर्यनमस्कारात पाय मागे टाकले की ते त्याच निळ्यावर जातात, मागच्याच्या डोक्याला लागत नाहीत. हात बाजूला पसरले तरी शेजारी अडत नाहीत, कारण एका ओळीतले दोन लाल चौकोन 2 मीटरवर असतात आणि पुढची-मागची ओळ तिरकी पडते. शेवटची ओळ मात्र रिकामी ठेवायची, तिच्या मागे निळा चौकोनच नाही. एका वेळी 24 मुलं बसतात. चाळीसच्या वर्गातली उरलेली सोळा भिंतीकडच्या पट्टीवर आकडे मोजतात किंवा लेझीमचे हात लेझमीशिवाय करतात. पाच आवर्तनं झाली की अदलाबदल. सतरंजीवर ही शिस्त लागतच नाही. ती गोळा होते आणि तिच्यावर रेघ नसल्यामुळे मुलं पुढे सरकत राहतात.

लंगडीलाही ह्या मॅट उत्तम. वेग कमी राहतो, 6 बाय 6 मॅटचं अंगण पुरतं आणि अनवाणी पायाला पकड मिळते. मोजे घालून मात्र कुणालाही चढू देऊ नका, पाय सटकतो. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं असतं, ते इथे बसत नाही. अर्ध्या जागेत पूर्ण चढाई खेळवली की मुलं थेट भिंतीवर जातात. पकडीचा सराव करून घ्या, चढाईचा नको.

आता खरेदीबद्दल. विक्रेता घनता सांगेल, त्यावर विसंबू नका. काटा आणा, रद्दीवाल्याचा चालेल. 20 मिमीची एक चौरस मीटर मॅट घनमीटरला 100 किलो घनतेची असेल तर 2 किलो भरते. काटा सव्वा किलोवर थांबला तर माल साठीच्या आसपासचा आहे. तो हाताला छान मऊ लागतो, पण बाकाचा पाय टेकला की खड्डा पडतो आणि उठत नाही. जाडी पट्टीने स्वतः मोजा, वीस म्हणून अठरा मिमीचा माल खपवला जातो. काठाच्या सरळ पट्ट्या वेगळ्या मागून घ्या. त्या नसल्या की कडेच्या मॅट आधी सुटतात, कारण धावत येऊन वळणाऱ्या पायाचा सगळा आडवा जोर तिथेच येतो. दाते एकदा फाटले की ती मॅट बाद, म्हणून दोन्ही रंगांच्या चार-चार जादा ठेवा.

नव्या मॅटना वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून सावलीत काही दिवस पसरा, उन्हात मुळीच नको. उन्हाने त्या कायमच्या आकसतात आणि मग दाते जुळत नाहीत. भिंतीला टेकवूनही लावू नका, उकाड्यात तेवढ्यापुरत्या फुगतात आणि मधोमध उंचवटा येतो. पावसाळ्यात शहाबादीला घाम फुटतो, खालून बुरशी धरते. आठवड्यातून एकदा सगळ्या उचलून, फरशी कोरडी पुसून, मगच परत लावा. धुळीवर ठेवल्या तर सबंध गालिचाच सरकतो. साफसफाईला साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरे.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: 20 मिमी म्हणजे पडायची गादी नव्हे. कोलांटी उडी नुसत्या एका थरावर घेऊ नका, पाठ शहाबादीवर आपटते. एकावर एक दोन थर आणि वर जुनी व्यायामाची गादी, हनुवटी छातीला टेकवलेली, आणि शिक्षक बाजूला गुडघ्यावर बसलेले, एवढं असेल तरच. दोरीचा मल्लखांब थोड्या जागेत शिकवता येतो म्हणून अनेकांना तो हॉलमध्ये हवा असतो. त्याच्याखाली ह्या मॅटच्या भरवशावर मूल चढवू नका, जाड गादीच लागते. पैसे मोजकेच असतील तर मॅट 54 ऐवजी 36 घ्या आणि उरलेल्या पैशांतून ती गादी आणा.