बत्तीस दिवसांचे अंदाजपत्रक आणि बावीस हजारांचा फटका

मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज हे विषय गेली तेवीस वर्षे फळ्यावर मांडत आलो आहे, त्यामुळे पुढील मजकूर लिहिताना मला किती संकोच वाटत असेल याची वाचकांना कल्पना येईल. तरीही लिहितो आहे, कारण ‘निष्काळजी होते, म्हणून फसले’ असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही. आम्ही पै-पैचा हिशेब मांडून बसलो होतो आणि त्या हिशेबाच्याच आधारे आम्हाला गंडवले गेले.

मिरजेत राहणारे माझे एक सहकारी विज्ञान शिकवतात. उन्हाळी सुट्टीत पाठीवर सॅक टाकून महिनाभर हिमाचलात फिरावे, असे आम्हा दोघांच्या मनात काही वर्षांपासून होते. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीन, तेथून बसने सिमला, मग सांगला, छितकुल, कल्पा, नाको, ताबो आणि काझा असा मार्ग ठरला. (सांगलीच्या माणसाने सांगल्याला जायचे, हा विनोद शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा झाला की शेवटी त्यावर कोणी हसेनासे झाले.) काझ्याहून पुढे कुंझुम खिंड उघडली असेल तर मनालीमार्गे परतायचे, नसेल तर आल्या वाटेने. काझा साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि मनालीकडून एका दिवसात तेथे पोचणाऱ्याला विरळ हवेचा त्रास होण्याची भीती असते. किन्नौरच्या बाजूने, म्हणजे सांगला, कल्पा, नाको या वाटेने, मुक्काम करत चढले तर शरीराला सवय होत जाते आणि सरकारी बसने गेल्यास खर्चही आटोक्यात राहतो. सहल लांबवण्यामागे हा विचार होता.

माणशी ३६,००० रुपयांच्या वर जायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. त्यासाठी मी संगणकावर तक्ता केला. प्रत्येक दिवसाची एक ओळ आणि त्या ओळीत प्रवास, मुक्काम, जेवण व इतर असे चार रकाने. पहिल्या दिवसाच्या जेवणाच्या रकान्यात ‘घरून भडंग २ किलो, शेंगदाण्याची चटणी’ अशी नोंद होती आणि तिच्यापुढे खर्च शून्य. हा तक्ता मला इतका आवडत असे की मी तो विनाकारण उघडून बघत बसे.

अडचण झाली ती रेल्वेच्या आरक्षणाची. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, म्हणजे ३ मेच्या गाडीचे आरक्षण मार्चच्या आरंभी सुरू होणार होते. नेमक्या त्याच दिवसांत आम्ही दोघेही दहावीच्या परीक्षेच्या कामात अडकलो होतो. सवड मिळून पाहतो तो स्लीपरची प्रतीक्षा यादी बरीच लांबलेली. तेव्हा कमी खर्चात फिरणाऱ्यांच्या, समाजमाध्यमावरील एका गटात मी सविस्तर प्रश्न टाकला. तासाभरात मनालीतील एका पर्यटन एजन्सीच्या माणसाचा खासगी निरोप आला. त्याने काही विकण्याचा प्रयत्नच केला नाही. “सर, अपना प्लॅन भेज दीजिए, फ्री में देख देता हूँ,” एवढेच म्हणाला. मी तक्ता पाठवला.

आमचे खरे नुकसान त्या क्षणी झाले. पैसे नंतर गेले. आम्ही कोणत्या गोष्टीसाठी किती रुपये द्यायला तयार आहोत, कोणत्या तारखेला कोठे असणार आहोत आणि कोणत्या जागी आमची ओढाताण होते आहे, हे सगळे त्या तक्त्यात रकान्यारकान्याने मांडलेले होते. दुसऱ्या दिवशी त्याचे दरपत्रक आले. मुक्कामाला आम्ही माणशी ७०० धरले होते, त्याने ५५० सांगितले. काझा ते मनाली सामायिक गाडीला आम्ही १,२०० धरले होते, त्याने १,००० सांगितले. सगळेच दर कमी असते तर कदाचित शंका आली असती. म्हणून की काय, सिमल्याच्या खोलीचा दर त्याने आमच्या अंदाजापेक्षा ५० रुपयांनी जास्त दाखवला होता आणि सुट्टीच्या हंगामात सिमल्यात यापेक्षा कमी होणे शक्य नाही, अशी प्रामाणिक वाटणारी टीपही जोडली होती. त्या ५० रुपयांनी आमचा विश्वास बसला. घरी मी हे कौतुकाने सांगितले, तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, मंडईत वांगी घेताना दहा प्रश्न विचारता, याला एक तरी विचारलात का?” मी हसण्यावारी नेले.

पुढे पैसे मागितले गेले ते एकदम नव्हे. बारा रात्रींच्या मुक्कामाचे दोघांचे १३,२०० होत होते, त्यातले निम्मे म्हणजे ६,६०० आधी. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर एजन्सीचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर, ते आमच्या हिशेबनिसाचे खाते आहे, असे उत्तर मिळाले. लगेच पावतीही आली. वर डोंगराचे चित्र, खाली गोल शिक्का आणि जीएसटी क्रमांक. हा क्रमांक नेहमी पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात; महाराष्ट्राचे २७, हिमाचलचे ०२. आमच्या पावतीवर मनालीचा पत्ता होता, क्रमांक ०७ ने म्हणजे दिल्लीच्या अंकांनी सुरू होत होता आणि एकूण अक्षरे चौदा होती. मी ती पावती छापून फाईलला लावली. अक्षरे मोजली नाहीत. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणताही क्रमांक लॉगिन न करता तपासता येतो, हेही मला नंतर कळले.

त्यानंतर इनर लाईन परमिटचे, म्हणजे सीमेलगतच्या भागात जाण्याच्या सरकारी परवान्याचे, माणशी ७५० प्रमाणे १,५०० गेले आणि त्यासाठी दोघांच्या आधार कार्डांच्या प्रतीही गेल्या. किन्नौर आणि स्पिती (काझा, ताबो हा भाग) यांच्या मार्गावर हे परमिट परदेशी नागरिकांना लागते. भारतीयांना लागत नाही. अरुणाचल, नागालँड किंवा मिझोरामला जाताना भारतीयांनाही ते काढावे लागते, हे आम्ही कोठेतरी वाचलेले होते आणि त्या अर्धवट माहितीमुळे मागणी खरी वाटली. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत पुरते, ही गोष्टही तेव्हा ध्यानात आली नाही.

तिकिटांचा प्रकार अधिक बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. आमच्याकडे ‘एजंट कोटा’ असतो, असे सांगून त्याने दोन तिकिटांचे २,३०० घेतले. असा कोणताही कोटा रेल्वेत नाही. शिवाय परवान्याशिवाय रेल्वे तिकिटांचा धंदा करणे हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन दिवसांनी पीडीएफ आली. गाडी बरोबर, तारीख बरोबर, आमची नावे आणि वये बरोबर, आणि पुढे ‘कन्फर्म, एस ४, २३ आणि २४’. त्यावरचा दहा आकडी पीएनआर खराच होता. त्या माणसाने स्वतःच्या खात्यातून आमच्या नावाने प्रतीक्षा यादीतील तिकीट खरोखर काढले होते आणि पीडीएफमध्ये फक्त स्थितीचा रकाना बदलला होता. चार्ट लागल्यावर संपूर्ण प्रतीक्षा यादीत राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे ज्या खात्यातून भरले त्या खात्यात, किरकोळ कपात होऊन, परत जातात. म्हणजे आम्ही मिरजेच्या फलाटावर सॅक घेऊन उभे असताना त्याचे पैसे त्याला परत मिळाले असते. रेल्वेच्या ॲपवर किंवा १३९ वर तो क्रमांक एकदा टाकला असता तर खरी स्थिती अर्ध्या मिनिटात समोर आली असती.

याशिवाय गाडीचे २,००० गेले आणि हवामानामुळे बेत बदलल्यास उपयोगी पडावी म्हणून परत मिळणारी अनामत या नावाखाली ५,००० गेले. सगळे मिळून १७,४०० झाले. एकही रक्कम अशी नव्हती की जी भरताना हात थांबावा. प्रत्येक वेळी मी तक्त्यातील संबंधित घर हिरवे करत होतो आणि तक्ता हिरवा होत चालल्याचे समाधान मला वाटत होते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या सहकाऱ्यांनी, काझ्यात रात्री किती थंडी असते आणि पांघरुणे मिळतात का, एवढेच विचारण्यासाठी आमच्या यादीतील तेथील घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी फोन केला. तो नंबर एजन्सीने दिलेला नव्हता. त्यांनी नकाशावरून शोधून काढला होता. फोन उचललेल्या बाईंना आमच्या नावाचे आरक्षण सापडेना. बोलता बोलता सहकारी म्हणाले की आम्ही २० मेला गाडीने मनालीला निघणार आहोत. त्यावर त्या म्हणाल्या, “भाई साहब, कुंजुम पर तो अभी बर्फ पड़ी है. बीस तारीख की गाड़ी आपको किसने दे दी?” सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरची ही खिंड बर्फ हटवल्यावरच उघडते. बहुधा मेअखेर किंवा जून उजाडतो आणि तारीख आधी कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मूळ तक्त्यात ‘उघडली तर, नाही तर’ अशा दोन ओळी होत्या. त्याच्या दरपत्रकात त्यांतली एकच उरली होती आणि ते माझ्या नजरेतून सुटले होते.

त्याच संध्याकाळी सहकाऱ्यांच्या पुतणीने पीएनआर तपासला. प्रतीक्षा यादी ८७ आणि ८८.

मी त्या माणसाला फोन केला. तो चिडला नाही, पळालाही नाही. गैरसमज झाला असेल, पूर्ण रक्कम आत्ता परत करतो, म्हणाला आणि त्याने एक क्यूआर कोड पाठवला. ‘स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील.’ यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे मी माझ्या आईला स्वतः शिकवले आहे. पण १७,४०० परत येत आहेत या आशेने माझी बोटे माझ्या आधी चालली आणि आणखी ४,९०० गेले. आता एकूण २२,३०० झाले. सहकारी समोरच्या खुर्चीवर बसून हे पाहत होते. त्यांनी “सर, थांबा” म्हणेपर्यंत पिन टाकून झाला होता.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट वेळेवर केली. दहा मिनिटांत १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन केला, व्यवहाराचे क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली, केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार भरली आणि बँकेलाही लेखी कळवले. त्यामुळे शेवटचे ४,९०० ज्या खात्यात गेले होते तेथेच रोखले गेले. ते अद्याप माझ्या हाती आलेले नाहीत, परंतु त्या माणसाच्याही हाती लागलेले नाहीत. आधीचे १७,४०० त्या त्या दिवशीच पुढच्या खात्यांत वळवून काढले गेले होते. पोलीस ठाण्यात अर्ज घेणाऱ्या हवालदारांनी सर्व कागद नीट पाहिले आणि विचारले, “मास्तर, प्रत्येक पावती फाईलला लावली आहे, मग तपासली का नाही?” मला उत्तर सुचले नाही. त्या फाईलमुळे तक्रार लिहायला मात्र वीस मिनिटेच लागली. आमच्या आधी आलेल्या गृहस्थांकडे एकही व्यवहार क्रमांक नव्हता आणि ते घरून भ्रमणध्वनी आणायला परत गेले होते. आधारचे बायोमेट्रिक मी त्याच रात्री लॉक केले.

सहल रद्द केली नाही, पण बत्तीस दिवसांची अठरा दिवसांवर आली. मिरजेहून पुण्यापर्यंत बसने आणि पुढे मिळेल त्या आरक्षणाने गेलो. मुक्कामाचे पैसे दारात उभे राहून, खोली पाहून दिले. रिकाँग पिओहून काझ्याला जाणाऱ्या सरकारी बसचे तिकीट स्थानकाच्या खिडकीवर काढले. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ पाहिला. कुंझुम बंदच होती, त्यामुळे आल्या वाटेने परतलो. काझ्याच्या त्या बाईंकडे चार रात्री राहिलो आणि त्यांनी माणशी ६५० घेतले. माझ्या मूळ अंदाजापेक्षा ते ५० रुपयांनी कमीच होते.

हे सगळे आता लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. साताऱ्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या आठवड्यात एक तक्ता पाठवला. मनालीच्या एका एजन्सीने त्याच्यासाठी खास तयार केलेली, पंचवीस दिवसांची आणि अतिशय कमी खर्चाची योजना आहे. सर, तुम्ही नुकतेच जाऊन आला आहात, जरा पाहून सांगा, असे त्याने लिहिले होते. एजन्सीचे नाव निराळे होते आणि आगाऊ रक्कम अजून भरलेली नव्हती. मी तक्ता उघडला. चार रकाने, प्रत्येक दिवसाची एक ओळ. पहिल्या ओळीत मिरजेच्या जागी सातारा घातला होता. जेवणाच्या रकान्यात मात्र, बहुधा अर्थ न कळल्यामुळे, कोणी हात लावलेला नव्हता. तेथे लिहिले होते : ‘घरून भडंग २ किलो, शेंगदाण्याची चटणी’, आणि पुढे शून्य.