कोल्ह्याच्या मफलरसाठी बाजारातली अ‍ॅक्रिलिक लोकर आणि सुया: काय घ्यावं, काय टाळावं

गळ्यात गुंडाळला की स्वतःचीच शेपटी तोंडात धरणारा कोल्हा, वर्षभराच्या आकाशाचे रंग पट्ट्यापट्ट्यांनी साठवणारा मफलर, टोकाला पानं फुटलेली वेल. असले गमतीचे मफलर विणायला घेतले की पहिला प्रश्न लोकरीचा येतो. हे परीक्षण दुकानात सर्रास मिळणाऱ्या, लुधियानाच्या गिरण्यांतून येणाऱ्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचं आहे, आणि तिच्याबरोबर घ्यायच्या सुयांचं. निकाल आधीच सांगतो: गमतीच्या मफलरला ही लोकर नुसती चालते असं नाही, खऱ्या लोकरीपेक्षा बरी पडते. पैसे वाचतील ते सुयांवर घालावेत.

कारण सरळ आहे. कोल्ह्याला केशरी भरपूर लागतो, पांढरा थोडा आणि काळा चिमूटभर. आकाशाच्या मफलरला तर आठ-दहा छटा. आयात केलेल्या मेरिनोच्या, म्हणजे मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीच्या, एका पन्नास ग्रॅमच्या गुंड्याच्या पैशात अ‍ॅक्रिलिकचे हे सगळे रंग घरी येतात. शिवाय हा मफलर मुलांच्या हातात जाणार, जमिनीवर लोळणार, मशिनमध्ये पडणार. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटून नमदा होते. अ‍ॅक्रिलिक आटत नाही. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण गळ्याला नाही. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूची टोकं त्वचेला टोचतात, आणि ती लोकर जाडीभरडी असते.

आता दोष. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, म्हणून निफाडच्या किंवा महाबळेश्वरच्या पहाटेला हा मफलर छान, मुंबईत दुपारी नकोसा. घर्षणाने गोळे धरतात, विशेषतः हनुवटीखाली. किती धरतील ते दुकानातच कळतं: धागा दोन बोटांत धरून पीळ उलटा सोडा. पदर लगेच सुटे होऊन पसरले तर पीळ ढिला आहे. असा धागा हाताला फार मऊ लागतो आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. विणताना सुईचं टोक पदरांच्या मधून आरपार जातं, एका टाक्याचे दोन दिसतात आणि चार धुण्यांत मफलर लोकरीच्या केसाळ चटईसारखा होतो. थोडा कमी मऊ, पण घट्ट पिळाचा धागा घ्यावा.

लेबलवर ‘चारपदरी’ लिहिलेलं असतं, त्यावरून जाडी ठरवू नका. पदर किती आणि धागा जाड किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक चार पदरांचा धागा बाळाच्या टोपड्याइतका नाजूक असू शकतो. पाहायचं ते लेबलवरचं सुईचं माप आणि 10 सेंटिमीटरमधले टाके. 4 मिमी सुईवर, एक ओळ सुलट एक ओळ उलट अशा विणीत 10 सेंमीला 21 ते 24 टाके बसत असतील तर ती डबल निट जाडी. कोल्ह्यासाठी हीच हवी. त्याहून बारीक घेतली तर काम संपत नाही, जाड घेतली तर कान आणि नाक बोजड होतात. लेबल नसलेली सुटी लोकर घेऊ नका असं म्हणणार नाही, फक्त ती मोठ्या पट्ट्यांना वापरू नका.

लेबलवर दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे रंगाचा लॉट नंबर, एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीला दिलेला आकडा. एकाच छटेचे दोन गुंडे वेगवेगळ्या लॉटचे असले तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात आणि अंगणात उन्हात धरले की मफलरच्या मध्यावर रेघ दिसते. गुंडे दाराशी नेऊन उजेडात पाहू द्या म्हणावं, तुळशीबागेत काय किंवा दादरला काय, कोणी नाही म्हणत नाही. लॉट जुळत नसेल आणि तोच रंग हवाच असेल, तर जोडाच्या ठिकाणी 10 ते 12 सेंमी दोन्ही गुंडे आलटूनपालटून दोन-दोन ओळी विणावेत. फरक विरघळून जातो.

सुयांबद्दल मात्र जास्त लिहायला हवं, कारण इथे चूक झाली की सगळं माप बिघडतं. आपल्याकडे सुया अजून जुन्या ब्रिटिश क्रमांकाने मागतात: 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 9 म्हणजे 3.75, 10 म्हणजे 3.25. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकी मोजणी नेमकी उलटी आहे, तिथे 8 नंबर म्हणजे 5 मिमी. नेटवरचा अमेरिकी नमुना वाचून दुकानात ‘आठ नंबर द्या’ म्हटलं की 4 मिमीची सुई हातात येते. मग 20 सेंमी रुंद व्हायचा मफलर 16 सेंमीवर अडकतो आणि दोष लोकरीला जातो. मिमी बोला, मिमी तपासा. सुईवरचा आकडा पुसला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, ती घेऊन ठेवावी.

अ‍ॅल्युमिनियमच्या 35 सेंमी लांब जोडसुया स्वस्त, टिकाऊ आणि वेगवान आहेत. सराव असलेल्या हाताला यापेक्षा जास्त काही लागत नाही. नवशिक्यांना मात्र त्यांवरून अ‍ॅक्रिलिक फार घसरतं, टाके गळतात. त्यांनी बांबूच्या घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या सुयांवर अ‍ॅक्रिलिक अडकत चालतं आणि करकरतं. त्या घेऊच नयेत, मुलांसाठीही नाही. बांबू घेताना टोक आणि दांडा यांवरून मोज्याचा जुना नायलॉनचा तुकडा फिरवून पाहा, कुठेही धागा ओढला गेला तर ती सुई पॉलिश नीट न झालेली आहे.

आमची शिफारस गोल सुईची, म्हणजे मधल्या वायरीने जोडलेली दोन टोकं. मफलर सपाटच विणायचा, फक्त ओळ संपली की सुई फिरवून परत यायचं. वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. लोकलमध्ये विणत असाल तर शेजारणीच्या बरगडीत सुईचं टोक जात नाही, आणि एक सुई सीटखाली घरंगळण्याचा प्रश्नच उरत नाही. तीस-बत्तीस टाक्यांना 60 सेंमी पुरे. घेताना वायर आणि टोक जिथे जुळतात तो सांधा नखाने तपासा. नख अडकलं तर टाकेही अडकणार, दर ओळीला दोनदा.

टोकं बदलता येणारा संच घ्यायचा असेल तर भारतातच बनणाऱ्या निटप्रोची लॅमिनेट केलेली लाकडी टोकं अ‍ॅक्रिलिकला अगदी योग्य आहेत, ना फार घसरडी ना फार पकड धरणारी. एक अट: वायरीबरोबर मिळणारी छोटी किल्ली भोकात घालून टोक घट्ट पिळायचंच. नुसतं बोटांनी फिरवलं तर विणताविणता आटे सैल होतात, फटीत धागा जातो आणि टोक निघालं की तीस टाके मोकळे. दुसरं म्हणजे वायरीचं लिहिलेलं माप टोकांसकटचं असतं. 80 सेंमीची वायर पाकिटातून आखूड निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. एकच मफलर विणायचा असेल तर संच घेणं हा निव्वळ चैनीचा खर्च आहे.

आता लोकरीची परीक्षा, म्हणजे कोल्हा. केशरी 150 ग्रॅम घ्या, लागेल 110 च्या आसपास. पांढरी 50 ग्रॅम, काळी उरलीसुरली. 4 मिमी सुईवर, सगळ्या ओळी सुलट. ही वीण निवडण्याचं कारण असं की ती दोन्हीकडून सारखी दिसते आणि कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट एक ओळ उलट विणली तर मफलरची नळी होते. आधी 24 टाके घालून 48 ओळींचा नमुन्याचा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मग मधले 10 सेंमी मोजा. 20 टाके आणि 40 ओळी यायला हव्यात. 22 आले तर सुई एक माप जाड, 18 आले तर एक माप बारीक.

शेपटीच्या टोकापासून सुरुवात: पांढऱ्याने 3 टाके. दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवा, 14 वेळा. 56 ओळींत, म्हणजे 14 सेंमीत, 31 टाके होतात. दर दुसऱ्या ओळीला वाढवलं तर शेपूट बोथट दिसते. वाढ अगदी काठावर करू नका, पहिले दोन टाके सोडून करा, कड सरळ राहते. मग केशरी. रंग नेहमी एकाच बाजूने, सुलट बाजूची ओळ सुरू करताना बदला. त्या बाजूला रंगांची रेघ स्वच्छ दिसते आणि दुसऱ्या बाजूला ठिपके उमटतात. एकदा इकडून एकदा तिकडून बदलला तर दोन्ही बाजू बिघडतात.

केशरी अंग 90 सेंमी. त्यातलं 70 सेंमी झालं की शेपटीसाठी खाच: 15 आणि 16 असे टाके वाटून प्रत्येक भाग स्वतंत्र 32 ओळी विणा, दुसऱ्या भागाला वेगळा गुंडा लावून, आणि मग पुन्हा एका सुईवर घ्या. दोन्ही भागांच्या ओळी मोजून सारख्याच हव्यात, एका बाजूला दोन जास्त झाल्या तरी कोल्ह्याची मान वाकडी. खाच फाटते ती नेहमी कोपऱ्यांत, म्हणून तिथे त्याच धाग्याने दोन-तीन टाके मारून ठेवा. अंग 90 सेंमी झालं की पुढे डोक्यासाठी 5 सेंमी सरळ, आणि मग दर दुसऱ्या ओळीला दोन्ही कडांना दोन टाक्यांचा एक करत 3 टाक्यांपर्यंत. काळ्याने 4 ओळी विणून नाक. एकूण लांबी 116 ते 117 सेंमी. गालांचे पांढरे त्रिकोण वेगळे विणून शिवावेत: 12 टाके घालून एकाच कडेला, दर दुसऱ्या ओळीला एक कमी. अंगातच दोन रंग एकत्र विणायचा मोह टाळा, सुलट विणीत मागच्या बाजूला गुंता दिसतो. कान 11 टाक्यांचे, दर चौथ्या ओळीला दोन्हीकडे एकेक कमी.

कान पडतात, ही सगळ्यांची तक्रार. खरी लोकर ओली करून ताणून वाळवली की आकार धरते, अ‍ॅक्रिलिकला त्याने काही होत नाही. तिला वाफ लागते. इस्त्री 2–3 सेंमी वर धरून वाफ सोडा, टेकवू नका. तंतू उष्णतेने मऊ होऊन त्याच आकारात बसतात. पण टेकलं किंवा जास्त वेळ धरलं की वीण चपटी आणि लुळी पडते, आणि ते परत फिरत नाही. म्हणून आधी त्या नमुन्याच्या तुकड्यावर करून पाहा. कानाला वाफ देण्याऐवजी प्रत्येक कान दुहेरी करून बुडाशी किंचित वळण देत शिवणं जास्त भरवशाचं.

डोळ्यांना बटणं छान दिसतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मात्र काळ्या धाग्याने भरून काढावेत. लहान मुलांच्या मफलरची लांबीही 75 सेंमीच्या आत ठेवावी आणि खाच ठेवावीच, झोपाळ्यात किंवा सायकलच्या चाकात अडकणारी लोंबती टोकं नकोत.

आकाशाच्या मफलरला हीच लोकर आणि हीच सुई: रोज सुलट विणीच्या दोन ओळी, त्या दिवशीच्या आकाशाच्या रंगाच्या. 365 दिवसांच्या 730 ओळी, म्हणजे 40 ओळींना 10 सेंमी या हिशेबाने 182 सेंमी, नेमका एक लांब मफलर. रंग निवडताना परदेशी नमुन्यातले रंग जसेच्या तसे घेऊ नयेत. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे 122 दिवस बहुतेक राखाडी जातात, एकच राखाडी घेतला तर सलग 61 सेंमी सिमेंटचा पट्टा होईल. राखाडीच्याच तीन-चार छटा घ्या: वळवाचा निळसर काळा, श्रावणातला मोत्याचा, झडीचा मळकट. कोजागरीला चांदण्याची पिवळसर पांढरी ओळ, आणि घरात पहिला हापूस येईल त्या दिवशी नियम मोडून केशरी, ही गंमत आपली आपण ठरवावी. रोज रंग तोडू नका. शेजारच्या दिवसांत पुन्हा येणारा रंग कडेने वर नेत राहा, नाहीतर सातशेच्या आसपास टोकं खोवायला बसावं लागेल.

टोकांवरून आठवलं. अ‍ॅक्रिलिक निसरडं असल्याने गाठ मारून कापलं तर गाठ सुटते. 15 सेंमी धागा ठेवून बोथट सुईने तीन दिशांना खोवा. गुंड्यात मध्येच गिरणीची गाठ निघाली तर ती विणीत घेऊ नका, तिथे कापून ओळीच्या सुरुवातीला नवीन टोक लावा.

धुताना थंड पाणी, मफलर जाळीच्या पिशवीत, आणि वाळवताना दोरीवर टांगू नये. ओल्या वजनाने कोल्हा लांब होतो. रविवारच्या उन्हात खाटेवर पसरावा. जाळीदार शाल विणणार असाल तर मात्र ही लोकर घेऊ नका. जाळीला ओली करून ताणल्यावर आकार धरणारी खरी लोकरच लागते. आणि पिसांसारखे केस सुटलेली फॅन्सी लोकर कोणत्याही मफलरला नको: चुकलेला टाका उसवायला गेलात तर केस एकमेकांत गुंततात आणि कात्रीच घ्यावी लागते.