एका झेरॉक्स दुकानाचा तीन वर्षांचा हिशेब

सोलापुरात सात रस्त्याकडे जा किंवा अशोक चौकाकडे, महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आणि तिला खेटून झेरॉक्सचे दुकान ही जोडी हमखास दिसते. अशाच एका दुकानाची मी तीन वर्षांची गिऱ्हाईक आहे. कला शाखेच्या तिसऱ्या वर्षात, अर्थशास्त्र विषय घेऊन, मराठी माध्यमातून शिकते आणि वसतिगृहात राहते. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या बहुतेक दुकानांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतील.

दुकान दहा फूट बाय बारा फुटांचे असेल. दोन यंत्रे, एक संगणक, स्पायरलचे हातयंत्र आणि वर्षनिहाय खणांत रचलेले अभ्यासाच्या पानांचे संच एवढाच संसार. सगळे ज्यांना अण्णा म्हणतात ते मालक एकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी मराठीत बोलत असताना हाताने पाने जुळवत राहतात, आणि तरीही पान उलटे लागलेले मी तीन वर्षांत एकदाच पाहिले. कागदाच्या एका बाजूला एक रुपया, स्पायरल बांधणीला चाळीस रुपये, रंगीत पानाला दहा रुपये असा दर आहे. ‘मायक्रो झेरॉक्स मिळणार नाही’, म्हणजे परीक्षेत लपवून नेण्याजोग्या बारीक अक्षरांच्या प्रती काढणार नाही, अशी पाटी दर्शनी भागात आहे आणि ती खरोखर पाळली जाते, हे मुद्दाम नोंदवते.

आमच्यासारखे विद्यार्थी अभ्याससाहित्य कसे निवडतात, हे या दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहिल्यावर जितके स्पष्ट कळते तितके वर्गात कळत नाही. जुलैमध्ये सर फळ्यावर चार-पाच संदर्भग्रंथांची नावे लिहितात, ती वहीत उतरतात आणि तेथेच राहतात. ग्रंथालयात त्यातील एखाद्या पुस्तकाच्या दोन प्रती असतात व त्या ज्यांना पहिल्या आठवड्यात सुचले त्यांच्याकडे गेलेल्या असतात. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात कोणीतरी पीडीएफ टाकतो. ती सगळे उतरवून घेतात, मात्र उघडतात थोडेच. नोव्हेंबर उजाडला की त्याच पीडीएफ अण्णांच्या क्रमांकावर येऊन आदळतात आणि गल्ल्यावर एकच वाक्य घुमत राहते, “ओ अण्णा, टू-इन-वन, बॅक टू बॅक मारा की.” म्हणजे एका बाजूला दोन पाने आणि तीही पाठपोट. साहित्य छापील घ्यावे की डिजिटल, हा प्रश्न अशा रीतीने सुटतो: परीक्षेला दोन महिने असतील तर डिजिटल, दोन आठवडे असतील तर छापील.

बहुतेकांना छापील पुस्तक महाग आणि झेरॉक्स स्वस्त वाटते. मीही पहिल्या वर्षी तसेच मानत होते. पुढे एका पुस्तकाचा हिशेब मांडून पाहिला. पुस्तकाची किंमत २५० रुपये, पाने २२०. एका बाजूला दोन पाने बसवली तर ११० बाजू होतात, म्हणजे ११० रुपये आणि वर स्पायरलचे चाळीस, एकूण १५०. तेच पुस्तक विक्रेत्याकडून दहा टक्के सवलतीने २२५ रुपयांना मिळते आणि वर्षअखेर खालच्या वर्गातील मुलीला निम्म्या किमतीत दिले तर १२५ रुपये परत येतात. खरा खर्च शंभर रुपये! झेरॉक्सचा संच मात्र रद्दीतच जातो, तोही स्पायरल काढून द्यावा लागतो.

हिशेब बरोबर होता. तरी तो फसला. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला आणि आमची तुकडी जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची ठरली. माझी पहिल्या वर्षाची पुस्तके कोणीच घेतली नाहीत. नव्या वर्गाची पुस्तके बाजारात येईपर्यंत सत्र अर्धे सरले होते, आणि त्या पोकळीत अण्णांच्या दुकानाने जे काम केले त्याला तोड नव्हती. त्यांनी जुन्या अभ्यासक्रमातील जे घटक नव्यातही कायम होते त्यांची पाने एका प्राध्यापकांकडून खुणा करून घेतली आणि तेवढ्याच पानांचे पातळ संच करून ठेवले. आपले सोलापूर विद्यापीठ २००४ साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे झाले आणि त्याचे क्षेत्र एका जिल्ह्यापुरते आहे. एवढ्या लहान बाजारासाठी मराठीत नवे पाठ्यपुस्तक काढायला प्रकाशक घाई का करतील? म्हणूनच आमच्याकडे मुक्त विद्यापीठाची स्वयंअध्ययन पुस्तके, शेजारच्या विद्यापीठांच्या दूरशिक्षण विभागांची पुस्तके आणि शिक्षकांच्या टिपणांची पाने एकाच स्पायरलमध्ये सुखाने नांदतात.

या दुकानाचे सर्वांत मोठे कौशल्य बहुतेक गिऱ्हाइकांच्या लक्षातही येत नाही. शिक्षकांची अनेक टिपणे युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. अशी वर्डची फाइल मोबाइलवर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांची खिचडी दिसते, कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराच्या जागी मुळात रोमन अक्षराचाच संकेतांक वापरलेला असतो आणि फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. अण्णांनी आपल्या संगणकावर असे जुने फॉन्ट जपून ठेवले आहेत. फाइल पाठवली की ते ती उघडतात, पानांची मांडणी तपासतात आणि वाचता येईल अशी पीडीएफ किंवा छापील प्रत देतात. त्यासाठी वेगळे पैसे घेत नाहीत.

अर्थात अशी पीडीएफ डोळ्यांना नीट दिसली तरी तिच्यात ‘महागाई’ हा शब्द शोधायला गेले तर एकही निकाल येत नाही, कारण आतला मजकूर अजूनही रोमनच असतो. आणि पुस्तकाची पाने स्कॅन करून केलेली पीडीएफ ही तर नुसती चित्रांची चळत. डिजिटल साहित्यात हवे ते क्षणात शोधता येते, हा त्याचा मोठा गुण सांगितला जातो. इंग्रजी माध्यमाच्या मैत्रिणींना तो मिळतो. मराठी माध्यमात तो मिळायला मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो, जसा मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर आहे. तेथे एखाद्या संकल्पनेची नोंद शब्द टाइप करताच समोर येते आणि मी ती अनेकदा टिपणांच्या समासात उतरवून घेतली आहे.

छपाईच्या दर्जाबाबत मात्र अण्णांशी माझे भांडण आहे. टू-इन-वनमध्ये ए-४ आकाराचे पान निम्म्या जागेत बसते, म्हणजे लांबी-रुंदी साधारण सत्तर टक्क्यांवर येते आणि १४ पॉइंटचे अक्षर १० पॉइंटचे होते. इंग्रजीला ते चालते. देवनागरीत रेषेच्या वर आणि खाली जे काही असते त्याचे मात्र हाल होतात. टोनर संपत आला असेल तर अनुस्वार आणि रफार आधी जातात. माझ्या एका संचात ‘सीमांत खर्च’ सगळीकडे ‘सीमात खच’ झाला होता आणि मी तो तसाच दोन दिवस वाचला. कागदही पातळ आहे, पाठीमागची अक्षरे पुढे डोकावतात आणि हायलायटर मारला की दोन्ही बाजू पिवळ्या होतात. मराठी मजकूर एका बाजूला एकच पान असा, पण पाठपोट छापून घ्यावा. पैसे दुप्पट पडतात, पण वाचता येते.

मग मोबाइलवरच का वाचू नये? गेल्या सत्रात मी एका विषयाचे सर्व साहित्य केवळ मोबाइलवर वाचले आणि दुसऱ्याचे कागदावर. मोबाइलवरचे वाचन बसमध्ये आणि जेवणाच्या रांगेत झाले, म्हणून ते अधिक वेळा झाले. पण आकृती कोणत्या बाजूला होती, मुद्दा पानाच्या वर होता की खाली, हे उत्तर लिहिताना डोळ्यांसमोर आले ते कागदावरच्या विषयाचे. एका मुलीच्या एका सत्रावरून नियम काढता येत नाही. तथापि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही माहितीपर मजकूर वाचताना आणि वेळेची मर्यादा असताना कागदावरचे आकलन सरस आढळले होते, आणि परीक्षेच्या आधीचे वाचन नेमके त्याच दोन अटींत बसते. शिवाय एप्रिलच्या सोलापुरी उन्हात दुपारी खोलीत मोबाइल तापून स्वतःहून मंद होतो. कागदाला हा त्रास नाही. पंख्याखाली तो उडतो, एवढेच.

आता दोन गंभीर तक्रारी. खणांतील काही संचांवर ‘मोस्ट आयएमपी’ असे लिहिलेले असते. त्यात वीस प्रश्न आणि त्यांची दोन-दोन पानांची उत्तरे असतात, लेखकाचे नाव नसते, आकडेवारी कोणत्या वर्षाची याचा पत्ता नसतो. सर्वांत जास्त खपतात ते हेच. मागणी आमचीच आहे, म्हणून दोष एकट्या दुकानाला देता येत नाही. पण घटकनिहाय उत्तम संच करणारा माणूस हेही विकतो याचे वाईट वाटते. दुसरी तक्रार संपूर्ण पुस्तकांच्या प्रतींची. अण्णा विचारले की “कोर्टाने परवानगी दिली आहे” असे सांगतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानावर काही प्रकाशकांनी २०१२ साली दावा केला होता आणि १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला, हे खरे आहे. परंतु तो वाद शिक्षकांनी अध्यापनासाठी निवडलेल्या उताऱ्यांच्या संचांचा होता आणि आधार १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील अध्यापनविषयक सवलतीचा होता. बाजारात सहज मिळणारे पाठ्यपुस्तक मुखपृष्ठासकट छापून खणात विक्रीला ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. जेथे मराठी पुस्तक निघणेच दुर्मीळ, तेथे निघालेल्या पुस्तकाचा खप अशा प्रकारे खाणे म्हणजे आपल्याच ताटातले कमी करणे होय.

गेल्या वर्षापासून दुकानाने विषयाला वीस रुपये घेऊन पीडीएफ पाठवण्याची सेवा सुरू केली आहे. ती घेऊ नये असे माझे मत आहे. मी घेतलेल्या तीन फाइलींपैकी दोन इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य मिळणाऱ्या होत्या, फक्त पहिले पान काढलेले होते. आयआयटी खरगपूरने उभारलेले आणि २०१८ मध्ये देशाला खुले झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही नोंदणी करून फुकट वापरता येते. तेथे शोधायला अर्धा तास जातो, हे मान्य. त्या अर्ध्या तासाचेच अण्णा वीस रुपये घेतात.

फाइल व्हॉट्सॲपवर पाठवावी लागते आणि दुकानाचा संगणक सर्वांसमोर उघडा असतो. एकदा माझ्या टिपणांच्या वर कोणाचे तरी आधार कार्ड आणि खाली कोणाची गुणपत्रिका दिसत होती. काम झाल्यावर फाइल आपल्यासमोर काढून टाकायला सांगावी. सांगितले तर काढतात, आपणहून काढत नाहीत.

पाचपैकी साडेतीन तारे. जुन्या फॉन्टचे काम, पाने जुळवणे आणि घटकनिहाय संच यांसाठी हे दुकान पहिल्या पसंतीचे. पीडीएफची विक्री आणि ‘आयएमपी’ खण यांकडे पाठ फिरवावी. दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ उघडे असते, पैसे क्यूआरने देता येतात. मात्र बारावी-दहावीच्या परीक्षांच्या काळात परीक्षा केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकाने पेपरच्या वेळेत बंद ठेवण्याचे आदेश निघतात आणि हे दुकान त्या टापूत येते. त्यामुळे उन्हाळी सत्राचे संच सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपली की लगेच, फेब्रुवारी लागण्याआधी काढून घ्यावेत. तेव्हा गर्दी नसते आणि टोनरही नवा असतो.