डंजन्स अँड ड्रॅगन्स, २०२४ चं प्लेअर्स हँडबुक: कोणता क्लास वर गेला, कोणता खाली आला

फाशांवर खेळल्या जाणाऱ्या या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल २०१४ पासून एकच तक्रार ऐकू येते: सुरुवातीच्या काही लेव्हल तलवारवाले आणि मंत्रवाले बरोबरीने चालतात, मग मंत्रवाले सुटतात ते सुटतातच. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या हँडबुकने या तक्रारीचं अर्धं काम केलंय. लढाईतलं अंतर खरोखर कमी झालंय, लढाईबाहेरचं फारसं नाही. क्लास (पात्राचा पेशा) तेच बारा, प्रत्येकाला चार सबक्लास (त्या पेशाच्या शाखा), आणि सबक्लास आता सगळ्यांनाच तिसऱ्या लेव्हलला मिळतो.

आधी आकडे बघू. पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या: स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड, समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५. अटॅक बोनस ७, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त हवेत. शक्यता ६५ टक्के. वार दोन, लागलेल्या वाराचं सरासरी डॅमेज ११. क्रिटिकल (फाशावर २० आलं की डॅमेजचे फासे दुप्पट) धरून राउंडला साधारण १५ पडतात. नव्या पुस्तकात ग्रेटसोर्डला ‘ग्रेझ’ ही वेपन मास्टरी आहे: वार हुकला तरी स्ट्रेंग्थ मॉडिफायरएवढं, इथे ४, डॅमेज होतंच. १५ चे जवळपास १८ झाले, तेही काही खर्च न करता.

त्याच लेव्हलचा विझार्ड फायरबॉल टाकतो: ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८, २० फूट त्रिज्या. आत चार शत्रू सापडले आणि सेव्ह (बचावाचा फासा, जमला तर डॅमेज निम्मं) यशस्वी होण्याची शक्यता ४० टक्के धरली, तर एकूण सुमारे ९०. पण फायरबॉलला लागणारे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) दोनच, आर्केन रिकव्हरीने शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) आणखी एक. ते संपले की फायर बोल्ट हा बिनखर्चाचा मंत्र, राउंडला ७-८. म्हणून ‘कोण ताकदवान’ याचं उत्तर दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये किती लढाया होतात यावर ठरतं. २०१४ च्या नियमांनी दिवसाला सहा ते आठ चकमकी आणि दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरले होते. तुमचा डंजन मास्टर (खेळ चालवणारा) दिवसाला एकच मोठी लढाई ठेवत असेल तर विझार्ड जिंकणारच. हे कोणतंही हँडबुक दुरुस्त करू शकत नाही. अशा टेबलवर वॉरलॉकचंही नुकसान होतं, कारण त्याचे दोन स्लॉट शॉर्ट रेस्टला परत येतात आणि शॉर्ट रेस्ट कुणी घेतच नाही. नव्या मॅजिकल कनिंगने एक स्लॉट मिनिटभरात परत मिळतो, पण दिवसातून एकदाच.

सर्वात जास्त फायदा मंकचा झालाय. पाचव्या लेव्हलला मार्शल आर्ट्सचा फासा डी६ चा डी८ झाला. डेक्स्टेरिटी १८ असेल तर एक फोकस पॉइंट (मंकची मोजकी ऊर्जा) टाकून चार फटके, राउंडला सुमारे २३. डिफ्लेक्ट अटॅक्स आता फक्त बाणांवर चालत नाही. तलवार, सोटा, जबडा, सगळ्यांवर चालतं आणि एका फटक्यातून सरासरी १४-१५ डॅमेज कमी करतं. मात्र त्याला रिॲक्शन लागते, म्हणजे राउंडला एकच फटका. चौघांनी घेरलं तर मंक आजही कोसळतो. आग-विजेविरुद्ध ते तेराव्या लेव्हलपर्यंत चालतच नाही, हे नवे खेळाडू हमखास विसरतात. स्टनिंग स्ट्राइक (समोरच्याला सुन्न करणारा फटका) टर्नमध्ये एकदाच, पण सेव्ह झाला तरी समोरच्याचा वेग निम्मा होतो. हा सौदा चांगला आहे.

पॅलाडिनला कात्री लागली आणि ती लागायलाच हवी होती. पूर्वी एकाच टर्नमध्ये दोन्ही वारांवर दुसऱ्या लेव्हलचा स्माइट (वाराला जोडायचं दैवी डॅमेज) लावून सरासरी २७ जादा डॅमेज काढता यायचं. आता स्माइट हा बोनस ॲक्शनचा (टर्नला एकच मिळणाऱ्या जादा कृतीचा) स्पेल आहे, म्हणून टर्नला एकच. अडचण वेगळीच आहे: स्पेल झाल्यामुळे काउंटरस्पेलही (दुसऱ्याचा मंत्र हाणून पाडणारा मंत्र) त्याला लागू पडतो, आणि बोनस ॲक्शनवरच्या बाकी गोष्टी त्या टर्नला बंद. एवढं करायची गरज नव्हती.

रेंजरची मात्र निराशा. अख्खा क्लास हंटर्स मार्क या मंत्राभोवती (खूण केलेल्या शत्रूला जादा डॅमेज) बांधलाय, आणि हंटर्स मार्कला कॉन्सन्ट्रेशन लागतं (असा मंत्र एका वेळी एकच). म्हणजे दुसरा कुठलाही चांगला स्पेल लावला की क्लासची निम्मी वैशिष्ट्यं बंद. डॅमेज खाऊनही कॉन्सन्ट्रेशन न तुटण्याची सोय तेराव्या लेव्हलला येते. तोवर बहुतेक मोहिमा संपलेल्या असतात. विसाव्या लेव्हलचं बक्षीस काय, तर हंटर्स मार्कचा फासा डी६ चा डी१०!

रोगला कनिंग स्ट्राइक मिळालंय: स्नीक अटॅकच्या जादा डॅमेजचा एक फासा सोडून समोरच्याला पाडायचं किंवा विष लावायचं. बार्बेरियन आणि क्लेरिक ठीकठाक.

लढाईबाहेर फायटरला टॅक्टिकल माइंड आहे: सेकंड विंडचा (स्वतःच्या जखमा भरायच्या मोजक्या संधींचा) एक वापर टाकून अपयशी ॲबिलिटी चेकमध्ये (कौशल्याच्या फाशात) डी१० मिळवता येतो, आणि तरीही जमलं नाही तर सेकंड विंड वाया जात नाही. छान आहे, पण तेराव्या लेव्हलला विझार्ड टेलिपोर्टने पूर्ण टोळी दुसऱ्या शहरात नेतो. नवव्या लेव्हलला विझार्डला मिळणारा वॉल ऑफ फोर्स (जादूच्या भिंतीचा मंत्र) अजूनही सेव्ह न देता शत्रूंचे दोन तुकडे करतो. फोर्सकेजला (जादूच्या पिंजऱ्याला) कॉन्सन्ट्रेशन लावलं, काउंटरस्पेलला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह दिला. भिंतीला हात का लावला नाही हे कळत नाही.

टेबलवर जुनं-नवं मिसळणार असाल तर जुने सबक्लास बिनधास्त चालू द्या, जुने स्पेल नाही. विशेषतः २०१४ चा कॉन्ज्युअर ॲनिमल्स: ड्रुइडचे आठ लांडगे, आठ वेगळे हल्ले, आणि बाकीचे खेळाडू आपली पाळी यायची वाट बघत बसलेले. नव्या रूपात तो एकच कळप आहे, दहा फुटांत सापडलेल्याला डेक्स्टेरिटी सेव्ह, अपयशी झाल्यास ३डी१०. उलट वेपन मास्टरीमधल्या ‘टॉपल’ने (शत्रूला पाडण्याने) खेळ नव्याने रेंगाळतो, कारण लागलेल्या प्रत्येक वाराला सेव्ह टाकावा लागतो. खेळाडूने आपला सेव्ह डीसी (समोरच्याच्या सेव्हने गाठायचा आकडा) कागदावर लिहून ठेवावा आणि डंजन मास्टरने वार लागल्याबरोबर फासा टाकावा.