कॉर्द-सुर-सिएल: दोन दिवस, एक मुक्काम, आणि तो मुक्काम चुकवू नका

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला राहायला येऊन तीन वर्षं झाली आणि जवळच टेकडीवर वसलेल्या कॉर्द या जुन्या गावाला दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि दोन्ही वेळा वाटलं की छान आहे, झालं. या ऑक्टोबरमध्ये आई भारतातून आली होती म्हणून पहिल्यांदा वर गावातच एका छोट्या हॉटेलात रात्र काढली आणि मग कळलं की आत्तापर्यंत आपण हे गाव पाहिलंच नव्हतं.

आधी थोडं गावाबद्दल. १२२२ मध्ये तुलूझचा काउंट रेमाँ सातवा याने हे वसवलं, तेव्हा या भागात कॅथर लोकांविरुद्धचं, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्धचं, धर्मयुद्ध चालू होतं, आजूबाजूची गावं जळत होती, लोकांना सुरक्षित जागा हवी होती म्हणून थेट टेकडीचा माथाच निवडला. तटबंदी पुढे एकाबाहेर एक अशी वाढत गेली. मूळ नाव नुसतं कॉर्द, 'सुर-सिएल' म्हणजे आकाशावरचं, हे १९९३ मध्ये अधिकृतपणे जोडलं. पर्यटकांसाठी केलेलं नाव असेल असं मला वाटायचं, पण नाही, ते खरंच तसं दिसतं, त्याबद्दल शेवटी सांगते.

चढ. खाली पार्किंगला गाडी लावायची, सीझनमध्ये पैसे लागतात, आणि मग चढ सुरू, तोही गोटे बसवलेला, पाऊस पडून गेला असेल तर पाय सटकतो, चांगल्या सोलचे बूट घालाच. सीझनमध्ये खालून छोटी टुरिस्ट ट्रेन वर जाते. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती आणि नवरा ट्रेनने, मी चालत. ज्यांना जमतं त्यांनी चालतच जा, कारण घड्याळाच्या दरवाजातून आत शिरलं की एकापुढे एक दरवाजे येत जातात आणि गाव कसं थराथराने वाढलं ते पायांना कळतं. पश्चिमेच्या बाजूला तर दोन दरवाजे एकामागे एक, बाहेरचा फोडून शत्रू आत आला तरी समोर दोन बुरुजांचा दुसरा दरवाजा उभाच. लहानपणापासून गड चढत आलेल्या माणसाला हे बघताना जे वाटतं ते वेगळं सांगायला नको.

फरक एकच, इथे लोक राहतात. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या दगडी घरांच्या खिडकीत कपडे वाळत असतात.

आणि ती घरं! मधल्या रस्त्यावर ग्राँ फोकोनिए, म्हणजे शिकारी ससाणे पाळणाऱ्याचं घर, आणि ग्राँ व्हनर, म्हणजे शिकाऱ्याचं घर. इथे कोणी शिकारी राहायचा म्हणून हे नाव नाही, भिंतीवरच्या कोरीवकामावरून पडलंय. व्हनरच्या भिंतीवर शिकारी, रानडुक्कर, ससा असे दगडातून बाहेर आलेत, मान वर करून नीट बघा, बहुतेक लोक खालच्या दुकानांकडे बघत पुढे जातात. कातडी, कापड, रंगाचा व्यापार करून श्रीमंत झालेल्या लोकांनी ही बांधली.

आईला सगळ्यात आवडली ती बाजाराची जागा, चोवीस खांबांवरचं मोठं लाकडी छप्पर, आणि तिथेच विहीर. ११३ मीटर खोल! टेकडीच्या माथ्यावरून दगड फोडत तेवढं खाली जायचं, वेढा पडला तर पाणी हवं म्हणून. आई गावाकडची, विहिरीला पाणी लागेपर्यंत घरातल्यांच्या जिवाला किती घोर असतो ते तिने पाहिलंय, ती तिथे बराच वेळ हात टेकून उभी राहिली. चर्चच्या चौकशी अधिकाऱ्यांना लोकांनी याच विहिरीत ढकललं अशी दंतकथा सांगतात.

जेवण हा भाग कमजोर आहे. शाकाहारी असाल तर बहुतेक ठिकाणी गरम बकरी-चीजचं सॅलड किंवा ऑम्लेट एवढंच. दुपारी दोननंतर एका जागी आम्हाला किचन बंद म्हणून परत पाठवलं, आई भुकेली होती, मला खूप वाईट वाटलं, तेव्हा साडेबाराला जेवायला बसा. गावाची खासियत क्रोकाँ, बदामाची पातळ कुरकुरीत बिस्किटं, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. गायाकची वाईन याच भागातली. शनिवारी सकाळी खालच्या गावात बाजार भरतो, फळं तिथून घ्या.

आता मुक्काम का ते. पाच-सहा वाजता गाड्या उतरायला लागतात आणि गाव एकदम शांत होतं, कानात नुसता वारा. सकाळी सात वाजता आईनेच उठवलं, बाहेर ये म्हणाली. खाली सेरू नदीचं खोरं पूर्ण धुक्यात बुडालेलं, रस्ता नाही, शेतं नाही, आमची टेकडी तेवढी वर. शाल गुंडाळून आम्ही दोघी तटाशी उभ्या होतो, काही बोललो नाही. साडेनऊपर्यंत धुकं विरलं. धुकं शरद ऋतूत जास्त मिळतं, पण नोव्हेंबरनंतर बरीच दुकानं बंद होतात.

गाडी नसेल तर तुलूझहून ट्रेन कॉर्द-व्हँद्राक स्टेशनला थांबते, तिथून गाव पाच किलोमीटर, टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, स्टेशनबाहेर उभी नसते. आल्बी शहर २५ किलोमीटरवर आहे, तिथलं विटांचं कॅथेड्रल दुसऱ्या दिवशी दुपारी आरामात होतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो जेवणाचा.